खरी गोम विश्रांतीत आहे

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या कथाखेळात वरच्या लेव्हलच्या पात्रांना लढाया सोप्या जातात, तर राक्षसाचे हिट पॉइंट (मरेपर्यंत तो किती मार सोसतो तो आकडा) दुप्पट करा, असा सल्ला देतात. मला तो पटला नाही. त्याने लढाई अवघड होत नाही, नुसती लांबते. आमच्या जळगावच्या गटात पंधराव्या लेव्हलला मी हेच करून पाहिलं. दोन तास फासे खडखडले, शेवटी एकाने भरीत-भाकरीचं ताट ओढलं ते परत फाशांकडे बघितलंच नाही.

या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचं २०१४ चं डीएमसाठीचं (म्हणजे खेळ चालवणाऱ्यासाठीचं) पुस्तक दिवसाला ६ ते ८ मध्यम-कठीण चकमकी धरून चालतं. आपण रविवारी एकच घेतो, मग सगळे स्पेल (जादूचे मंत्र) शिल्लक राहणारच; वापरलेले बहुतेक स्पेल मोठ्या विश्रांतीनंतरच परत मिळतात. त्याच पुस्तकातला एक पर्याय मी उचलला: छोटी विश्रांती ८ तासांची, मोठी ७ दिवसांची. आणि काम दिलं सातपुड्यातून तापीकाठी उतरणारं वऱ्हाड राखायचं. मुहूर्त ठरलेला, वऱ्हाड आठवडाभर थोडंच थांबणार! विझार्डने (जादूगाराने) पहिल्याच रात्री भारीतला स्पेल लांडग्यांवर उडवला (लांडग्यांवर!) आणि चौथ्या दिवशी ड्रॅगनसमोर बिचारा खिसे चाचपत बसला. फक्त विश्रांती लांबवलीत, तर मेज आर्मरसारख्या (जादूचं चिलखत) ८ तास टिकणाऱ्या स्पेलची मुदत वाढवून द्या, नाहीतर भांडणं होतात. आमच्याकडे झाली.