‘अफर्मेटिव्ह ॲक्शन’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : अमेरिकेतील १९६४ च्या नागरी हक्क कायद्याविषयी मी मराठीत शोधनिबंध लिहीत आहे. ‘अफर्मेटिव्ह ॲक्शन’साठी, म्हणजे भेदभाव सोसलेल्या समूहांना नोकरी-शिक्षणात समान संधी मिळावी म्हणून केलेल्या उपायांसाठी, ‘सकारात्मक कृती’ असा प्रतिशब्द सुचवला जातो, तर बातम्यांत अनेकदा ‘आरक्षण’ असेच लिहिलेले दिसते. यांपैकी कोणता शब्द घ्यावा? आणि ‘नागरी हक्क’ हा शब्द तरी निर्धोक आहे का?

उत्तर : ‘आरक्षण’ आधी बाजूला ठेवावे, कारण तो शब्द येथे वस्तुस्थितीच्या विरुद्ध जातो. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली करवीर संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखण्याचा हुकूम काढला, आणि आजही आरक्षण म्हटले की आपल्या मनात प्रथम टक्केवारी येते. अमेरिकेत नेमके हेच अमान्य ठरले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील वैद्यकीय महाविद्यालयाने १०० पैकी १६ जागा अल्पसंख्य विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या ठेवल्या होत्या. तेथे प्रवेश नाकारला गेलेले अर्जदार ॲलन बाकी यांच्या खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत रद्द केली, मात्र प्रवेश देताना वंश हा अनेक घटकांपैकी एक घटक म्हणून विचारात घेण्याची मुभा ठेवली. या दोन्हींना ‘आरक्षण’ म्हटले, तर काय रद्द झाले आणि काय टिकले हे वाचकाला कळणारच नाही.

‘सकारात्मक कृती’ची अडचण वेगळी आहे. ‘सकारात्मक’ म्हणताच आज मनोवृत्तीचा अर्थ पुढे येतो, आणि मूळ शब्द तर कायद्याच्या भाषेतला आहे. अमेरिकेच्या १९३५ च्या राष्ट्रीय कामगार संबंध कायद्यानुसार त्याच नावाचे मंडळ मालकाला अनुचित प्रथा थांबवण्याचा आदेश देऊ शकत होते, आणि त्याच्या जोडीने काढून टाकलेल्या कामगाराला परत कामावर घेणे, त्याचा बुडालेला पगार देणे अशी पावले उचलण्यासही सांगू शकत होते. या दुसऱ्या भागासाठी तेथे ‘अफर्मेटिव्ह ॲक्शन’ हा शब्द आला आहे. म्हणजे मनाई पाळणे पुरेसे नाही, झालेला अन्याय दूर करण्यासाठी स्वतः काही करावे लागेल, हा त्याचा गाभा आहे.

माझ्या मते ‘समतालक्षी उपाययोजना’ हा शब्द घ्यावा आणि पहिल्या उल्लेखात त्याच्याजवळ मूळ शब्द देवनागरीत द्यावा. ‘पूर्वलक्षी’ हा शब्द रुळलेला असल्याने ‘समतालक्षी’ समजायला जड जाणार नाही.

दुसरे मत : आपल्या संविधानाच्या अनुच्छेद १५(४) मध्ये ‘विशेष तरतूद’ हे शब्द आहेत. नवा शब्द घडवण्यापेक्षा तेच का घेऊ नयेत?

उत्तर : तो शब्द मलाही प्रिय आहे, परंतु तरतूद ही कायद्यात किंवा नियमात केलेली असते. अमेरिकेत यातील बरेच काही राष्ट्राध्यक्षांच्या आदेशांतून, कंत्राटांच्या अटींतून आणि विद्यापीठांनी स्वतः आखलेल्या प्रवेशपद्धतींतून घडले. म्हणून प्रत्येक ठिकाणी ‘कायदा’ आणि ‘आदेश’ हा भेद कसोशीने पाळावा. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचा सरकारी कंत्राटदारांना ही उपाययोजना बंधनकारक करणारा १९६५ चा आदेश क्रमांक ११२४६ हा कार्यकारी आदेश होता, म्हणूनच जानेवारी २०२५ मध्ये तो नव्या आदेशाने रद्द करता आला. १९६४ चा कायदा मात्र संसदेचा आहे आणि तो असा रद्द होत नाही.

संशोधकाने आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते : कागद कोणत्या वर्षाचा आहे हे पाहिल्याशिवाय या शब्दाचा अर्थ लावू नये. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या ६ मार्च १९६१ च्या, सरकारी कंत्राटदारांना लागू असलेल्या आदेशात तो ‘वंश न पाहता’ वागणूक देण्याच्या संदर्भात आला. पुढे १९६९ च्या फिलाडेल्फिया योजनेत सरकारी बांधकामांच्या कंत्राटदारांना अल्पसंख्य कामगार घेण्याची उद्दिष्टे नेमून देण्यात आली आणि तोच शब्द वंश लक्षात घेऊन करायच्या उपायांना लागू झाला. २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांच्या वंशविचारी प्रवेशपद्धती अवैध ठरवल्या, त्या या नंतरच्या अर्थाने.

‘नागरी हक्क’ हा शब्द ठेवावा, पण सावधपणे. ‘दिवाणी हक्क’ म्हटले तर मालमत्तेचे दावे डोळ्यांसमोर येतील, आणि ‘नागरी स्वातंत्र्ये’ ही निराळी संकल्पना आहे. शिवाय आपल्याकडे नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ आहे. त्याचे हे नाव १९७६ च्या दुरुस्तीने आले, आणि त्यात ‘नागरी हक्क’ म्हणजे अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट झाल्यामुळे प्राप्त होणारे हक्क अशी व्याख्या आहे. अमेरिकेच्या कायद्यात वंश आणि वर्ण यांबरोबर धर्म व राष्ट्रीय मूळ यांचा, आणि नोकरीच्या बाबतीत लिंगाचाही समावेश आहे. मराठी वाचकाला हा फरक पहिल्याच पानावर सांगावा.

प्रश्नकर्त्याची पुढील विचारणा : मग १९६१ च्या आदेशातील ज्या वाक्यात हा शब्द आला, ते मराठीत कसे लिहावे?

उत्तर : मी असे लिहीन : ‘अर्जदारांना नोकरी देताना, तसेच कर्मचाऱ्यांना नोकरीच्या काळात वागवताना, त्यांचा वंश, पंथ, वर्ण किंवा राष्ट्रीय मूळ विचारात घेतले जाणार नाही याची निश्चिती व्हावी म्हणून कंत्राटदार समतालक्षी उपाययोजना करील.’ यातील ‘करील’ हे क्रियापद सौम्य करू नये. ‘करू शकेल’ असे लिहिल्यास आदेशातील बंधनच नाहीसे होते.