कॅमेरा मुद्दाम हलवून टिपलेल्या लाटेला छायाचित्र म्हणायचे का?

क्षितिजरेषा (धागालेखक)

दोन दिवसांपूर्वी येथे आलेल्या एका लेखनात असे विधान होते की, मंद शटर ठेवून (म्हणजे प्रकाश आत घेणारा पडदा जास्त वेळ उघडा ठेवून) आणि कॅमेरा मुद्दाम हलवून लाटांचे फोटो काढणे ही ज्यांना फोकस जमत नाही त्यांची पळवाट आहे आणि असा प्रत्येक फोटो हा मुळात चुकलेला फोटोच असतो. तिथेच दोन ओळींत उत्तर द्यावे असे मनात होते. परंतु त्याखाली नव्याने कॅमेरा घेतलेल्या तिघांनी ‘बरे झाले, आता यात वेळ घालवणार नाही’ असे लिहिलेले वाचले आणि राहवले नाही.

१/२००० सेकंदाला लाटेचा जो काचेसारखा थिजलेला पडदा फोटोत दिसतो, तो कोणाच्याही डोळ्यांनी तसा कधी पाहिलेला नाही. धावत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटलेले असतात हे १८७८ साली एडवर्ड मायब्रिज यांना छायाचित्रांतून दाखवावे लागले, कारण डोळ्यांना ते दिसत नव्हते. तेव्हा वेगवान शटर खरे आणि मंद शटर खोटे ही विभागणी मला मान्य नाही. दोन्ही ठिकाणी आपण लाटेच्या आयुष्यातला किती काळ घ्यायचा हेच ठरवत असतो.

मी बहुतेक वेळा १/४ सेकंद घेतो. दोन मीटर खोलीच्या पाण्यात लाट सेकंदाला सुमारे ४.४ मीटर वेगाने किनाऱ्याकडे येते, म्हणजे तेवढ्या वेळात ती मीटरभर पुढे सरकते. तो मीटर मला हवा असतो. लाटेचा कणा उभा राहू लागला की कॅमेरा तिच्यासोबत फिरवायला सुरुवात करायची, चालत्या हालचालीत बटण दाबायचे आणि शटर मिटल्यानंतरही हात पुढे जाऊ द्यायचा. शटर उघडल्यावर हालचाल सुरू केली तर तो झटका फोटोत स्पष्ट उमटतो. लेन्सचे स्टॅबिलायझेशनही (हाताची थरथर भरून काढणारी सोय) बंद ठेवावे लागते, नाहीतर यंत्र आपल्याच हाताविरुद्ध काम करत राहते. हे सगळे जमायला मला दोन पावसाळे लागले. याला पळवाट म्हणणे अन्यायाचे आहे.

खडकावरचा

ते लेखन माझे होते आणि मी त्यावर ठाम आहे.

तुम्ही दोन पावसाळ्यांचा उल्लेख केलात, पण एका फेरीत किती फ्रेम काढता हे सांगितले नाही. माझ्या ओळखीचे असे फोटो काढणारे सर्वजण एका सकाळी तीनशे-चारशे फ्रेम घेऊन घरी येतात आणि त्यांतल्या दोन लोकांना दाखवतात. उरलेल्या फ्रेममध्ये आणि त्या दोनमध्ये हाताच्या कौशल्याचा फरक किती आणि योगायोगाचा किती, हे काढणाऱ्यालाही सांगता येत नाही. इंग्रज चित्रकार टर्नर यांनी १८४२ साली रंगवलेल्या बर्फाळ वादळातल्या वाफेच्या बोटीचा दाखला कोणीतरी देणार, म्हणून आधीच लिहितो: त्या चित्रातला प्रत्येक फराटा त्यांनी स्वतः ठेवलेला होता. तुमचा फराटा कुठे पडेल हे बटण दाबताना तुम्हाला ठाऊक नसते.

मी एका खडकावर फुटणारी लाट टिपण्यासाठी सलग नऊ पहाटे गेलो आहे. मोठ्या लाटा गटागटाने येतात. दोन गटांमधली शांतता मोजत बसलो, कोणत्या भरतीला पाणी खडकाच्या डाव्या कपारीत शिरून उजवीकडून उसळते हे वहीत लिहून काढले आणि नवव्या दिवशी अकरा फ्रेममध्ये काम झाले. लाटेचा अभ्यास म्हणतात तो हा. कॅमेरा हलवून काढलेल्या फोटोत समोर समुद्र होता की वाऱ्यावरचे गवत, हे पुष्कळदा फोटोखालची ओळ वाचूनच कळते.

गाज

मी फोटो फारसे काढत नाही, परंतु तीस वर्षे समुद्रात पोहत आले आहे, त्यामुळे मला लाटेच्या बाजूने बोलावेसे वाटते. एक घनमीटर समुद्राचे पाणी हजार किलोंहून अधिक वजनाचे असते. असे कित्येक घनमीटर एकदम अंगावर येतात तेव्हा काय होते, हे मी एकदा फुटत्या लाटेखाली सापडून अनुभवले आहे: वर कुठे आणि खाली कुठे हेच कळेनासे झाले आणि मग वाळूवर खांदा आदळला. मंद शटरच्या फोटोंत ते वजन नाहीसे होते. विशेषतः तीस सेकंदांचे जे फोटो सगळीकडे दिसतात, त्यांत खडकांभोवती धुके पसरल्यासारखे दिसते आणि समुद्र पाळीव होऊन जातो. असे फोटो पाहून कोणी त्या खडकांवर उभे राहायला गेले, तर त्यांना तिथे मिळणारे पाणी फोटोतले नसेल.

क्षितिजरेषा

गाज, तीस सेकंदांबाबत मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. दूरवरून येणाऱ्या लाटांमध्ये साधारण दहा सेकंदांचे अंतर असेल तर तीस सेकंदांत तीन लाटा येऊन जातात. फोटोत राहते ती त्या सगळ्यांची सरासरी, त्यांतली एकही लाट राहत नाही. माझा आग्रह १/४ ते १/२ सेकंदाचा आहे तो याचसाठी, कारण तेवढ्या काळात एकच लाट असते आणि तिने कुठून कुठे जोर लावला ते पाण्याच्या रेघांवरून वाचता येते.

खडकावरचा, मी एका फेरीत दीडशेच्या आसपास फ्रेम काढतो. वाया जाणाऱ्या फ्रेम जास्त असतात हे मान्य. परंतु तुमच्याही आठ पहाटे वायाच गेल्या, आणि त्यांना तुम्ही अभ्यास म्हणता.

दीर्घछाया

तीस सेकंदांच्या फोटोंना दोघांनीही मोडीत काढलेले पाहून वाईट वाटले. सरासरी म्हणजे काहीच नाही असे का मानता? छायाचित्रकार मायकेल केना यांनी रात्री कित्येक तास शटर उघडे ठेवून काम केले आहे आणि त्या फोटोंसमोर उभे राहिल्यावर समुद्र पाळीव वाटत नाही, तो फार जुना वाटतो. प्रत्येक लाट वेगळी असली तरी समुद्र कुठवर येतो आणि कुठून मागे फिरतो, ती सीमा फक्त दीर्घ एक्स्पोजरमध्येच दिसते.

आणि ते सोपे मुळीच नाही. उन्हात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० आणि एफ/१६ ला (लेन्सचे छिद्र लहान) शटर १/१२५ च्या आसपास येते. ६ स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच; प्रत्येक स्टॉपला प्रकाश निम्मा) लावला की ते अर्ध्या सेकंदावर जाते, १० स्टॉपचा लावला की आठ सेकंदांवर. स्वस्त १० स्टॉपचा फिल्टर सगळ्या फोटोवर तांबूस छटा आणतो, वाइड लेन्सवर व्हेरिएबल एनडी (गडदपणा कमीजास्त करता येणारा फिल्टर) ताणला की मधोमध काळी फुली उमटते, आणि आरशाच्या कॅमेऱ्यात व्ह्यूफाइंडर (डोळा लावायची खिडकी) झाकायला विसरले तर मागून शिरलेला प्रकाश चार मिनिटांचा फोटो वाया घालवतो. माझा एक अख्खा सूर्योदय या शेवटच्या कारणाने गेला आहे.

थरावरथर

मग फिल्टर लावायचाच कशाला, हा माझा जुना प्रश्न आहे. त्याच जागी ट्रायपॉडवरून शंभर लहान फ्रेम घ्या आणि संगणकावर त्यांची सरासरी काढा. छटा नाही, फुली नाही, आणि सोळा फ्रेमची सरासरी घेतली तर नॉइज (फोटोतले नको असलेले दाणे) एक चतुर्थांशावर येतो. शिवाय मधल्या फ्रेममध्ये कोणी समोरून गेले तर तेवढी एक फ्रेम काढून टाकता येते. २०१९ साली आलेल्या ऑलिंपसच्या ई-एम१एक्स या कॅमेऱ्यात हेच काम ‘लाइव्ह एनडी’ नावाने पाच स्टॉपपर्यंत कॅमेऱ्याच्या आतच होऊ लागले. काच आणि गणित यांचे फळ एकच असेल, तर काचेचा एवढा अभिमान का बाळगावा?

दीर्घछाया

फळ एकच नाही. दोन फ्रेमच्या मध्ये शटर मिटलेले असते आणि त्या फटीत जे पाणी गेले ते तुमच्या फोटोत कुठेच नाही. ते तुम्ही गणिताने भरून काढता. मी ज्याला छायाचित्र म्हणतो त्यात प्रकाश अखंड आलेला असावा लागतो.

थरावरथर

शंभर फ्रेम असल्या तर त्या फटी डोळ्यांना दिसत नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे. ‘अखंड प्रकाश’ ही अट तुम्ही आज घालत आहात. १८५० च्या दशकात गुस्ताव्ह ल ग्रे यांनी समुद्राची एक आणि आकाशाची दुसरी अशा दोन निगेटिव्ह जोडून समुद्रचित्रे छापली, कारण कलोडियनच्या (त्या काळी फोटोसाठी वापरत त्या रसायन लावलेल्या) काचा निळ्या प्रकाशाला इतक्या संवेदनशील होत्या की समुद्र नीट आला की आकाश पांढरे पडत असे. त्यांनाही तुम्ही छायाचित्रकार मानणार नाही का?

यात माझे वैयक्तिक दुखणे आहे, ते लपवत नाही. एका स्पर्धेत माझा लाटांचा फोटो अंतिम फेरीत पोहोचला होता. मूळ फाइल मागितली तेव्हा मी प्रामाणिकपणे चाळीस फाइल पाठवल्या, आणि ‘जोडचित्र’ म्हणून तो बाद झाला. ज्याला बक्षीस मिळाले त्या फोटोतले आकाश इतके ओढून गडद केलेले होते की क्षितिजावर पांढरी कड उमटली होती. पण फाइल एकच होती, म्हणून चालले.

दीर्घछाया

तुमच्या स्पर्धेचा राग माझ्यावर काढू नका. नियमात एक एक्स्पोजर लिहिले असेल तर चाळीस पाठवणाऱ्याला बाद करणे योग्यच आहे, आणि ल ग्रे यांचे नाव घेतल्याने त्या नियमाला बाधा येत नाही.

थरावरथर

नियमात तसे लिहिलेले नव्हते. न वाचता निकाल देण्याची तुमची सवय इथेही दिसली. याहून जास्त मी बोलत नाही.

क्षितिजरेषा

दोघांनाही विनंती आहे की आवाज थोडा खाली आणावा. थरावरथर, तुमच्यावर अन्याय झाला असे मलाही वाटते. तरीही मूळ विषयापुरती एक गोष्ट नोंदवतो: कॅमेरा हलत असेल तर थर रचण्याची पद्धत चालत नाही. मी दोनदा करून पाहिले. फिरत्या कॅमेऱ्याने घेतलेल्या फ्रेमची सरासरी काढली की फेसाची सलग रेघ न येता पायऱ्या-पायऱ्यांसारख्या आवृत्त्या दिसतात, कारण प्रत्येक फटीत हातही पुढे गेलेला असतो. तिथे अखंड १/४ सेकंदच लागतो आणि तो संगणकावर नंतर तयार करता येत नाही.

थरावरथर

हलत्या कॅमेऱ्याबाबत हे खरे आहे. स्थिर कॅमेऱ्याबाबत माझे म्हणणे कायम आहे.

मंदगती

बराच वेळ वाचत होते. ‘फोकस जमत नाही त्यांची पळवाट’ या वाक्यावर मला लिहायचे आहे, कारण माझ्या उजव्या हाताला गेली सहा वर्षे कंप आहे आणि मलाही अनेकांनी आपुलकीने सुचवले की, आता तू कॅमेरा हलवून काढतात तसले फोटो काढ, तुला ते सोपे जाईल.

ते सोपे गेले नाही. १/४ सेकंदात हात आडवा नेताना कंप असेल तर क्षितिजाची रेघ करवतीच्या दात्यांसारखी येते. समुद्र, फेस आणि ओली वाळू यांचे जे शांत आडवे पट्टे यायला हवेत, ते फाटलेल्या कापडाच्या कडेसारखे दिसतात. वर्षभर माझा एकही फोटो धड आला नाही. शेवटी ट्रायपॉडचा आडवा फिरणारा सांधा किंचित सैल ठेवून दोन्ही हातांनी कॅमेरा फिरवायला लागले, ट्रायपॉडची पातळी आधी नीट लावून घेतली, आणि मग पट्टे सरळ येऊ लागले. माझा हात हलतच असतो. मला हवी तशी हालचाल मात्र त्याच्याकडून मिळवावी लागली. म्हणून हललेला फोटो आणि हलवलेला फोटो यांतला फरक मला कोणी समजावण्याची गरज नाही. माझ्याकडे पहिल्या प्रकारच्या हजारो फ्रेम आहेत.

मला सहानुभूती नको आहे. चर्चेत दाखला हवा होता म्हणून लिहिले.

गाज

मंदगती, तुम्ही लिहिलेल्या पट्ट्यांचा एक फोटो मी पूर्वी पाहिला असावा. समुद्रात खूप बाहेर पोहत गेल्यावर मागे वळून किनारा पाहिला तर तो तसाच दिसतो, नुसत्या रंगांच्या आडव्या ओळी, कारण आपणही वरखाली होत असतो. हे मला आत्ता वाचताना जाणवले. तीस सेकंदांबाबत माझे मत बदललेले नाही.

खडकावरचा

मंदगती यांचे अनुभव वाचले. हालचालीवर ताबा मिळवावा लागतो आणि तो नसेल तर फोटोत कळते, हे त्यांच्या वर्णनावरून मान्य करावे लागते. माझ्या ज्या परिचितांवरून मी लिहिले त्यांच्या फोटोंत तो ताबा नसावा.

मात्र धागालेखकांनी माझ्या योगायोगाच्या प्रश्नाला उत्तर दिलेले नाही. माझ्या आठ पहाटे वाया गेल्या असे ते म्हणतात. त्या आठ पहाटेंनंतर मी त्याच भरतीला पुन्हा जाऊन तशीच लाट दोनदा टिपली आहे. छायाचित्रकार अर्न्स्ट हास यांनी १९५० च्या दशकात बैलझुंजी मंद शटरने रंगीत टिपल्या, त्या मला आवडतात, कारण त्या सगळ्या मालिकेत हात एकच असल्याचे दिसते. एका फोटोवरून ते ठरवता येणार नाही. तुम्ही एका फेरीतल्या सगळ्या फ्रेम, काढलेल्या क्रमाने, काहीही न वगळता येथे ठेवू शकाल का?

क्षितिजरेषा

ठेवतो. पुढच्या भरतीला जाणार आहे. १/४ सेकंद, ६ स्टॉपचा फिल्टर, पूर्ण वेळ एकाच जागेवरून. पहिल्या वीस-तीस फ्रेम वाईट येतील, कारण लाटांचा ताल हातात यायला तेवढा वेळ लागतो. त्यानंतरच्या फ्रेममध्ये फेसाची वळणे एका दिशेने जाताना दिसली नाहीत, तर तुमचा मुद्दा मी मान्य करीन.

खडकावरचा

चालेल. ‘पळवाट’ हा शब्द मी मागे घेतो. ‘चुकलेला’ हा शब्द तूर्त तसाच ठेवतो. फाइलचे क्रमांक सलग असू द्या.