वर्गाआधीचं ग्लुकोज

सी-५०४: सुप्रभात. कुणाला दुखवायचं नाही, पण आपल्या सोसायटीच्या व्यायामवर्गाच्या पाऊण तास आधी सगळ्यांना ग्लुकोजचं पाणी द्यायचं कुणी ठरवलं? वर्ग सुरू झाल्यावर २० मिनिटांत आईंना दरदरून घाम, हात थरथरायला लागले. मागच्या वेळीही हेच.

ए-१०२: व्यायामाआधी साखर घेतली की चरबी जळत नाही. मी तेव्हाच सांगितलं होतं.

बी-३०१: ग्लुकोज मी आणते, स्वतःच्या पैशाने. ताकद यावी म्हणूनच ना?

डी-२०३: ताई, तुमच्या हेतूबद्दल प्रश्नच नाही. साखर घेतली की इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर पेशींत नेणारं संप्रेरक, वाढतं. त्यातच व्यायाम सुरू झाला की स्नायू दुप्पट जोराने रक्तातली साखर ओढतात. काहींची मग पहिल्या १५-२० मिनिटांत झपकन खाली येते. आईंची मोजली का?

बी-४०४: ते ग्लास कोण धुणार? परवापासून ओट्यावर मुंग्या आहेत.

ए-१०२: चरबी जळत नाही. 👆

डी-२०३: काका, अर्धं बरोबर आहे. इन्सुलिन चढलेलं असेपर्यंत चरबीच्या पेशी फॅटी ॲसिड, म्हणजे जळायची चरबी, कमी सोडतात, म्हणून स्नायू साखरेवर चालतात. पण वजन दिवसभराच्या खाण्यावर ठरतं, त्या एका तासावर नाही. आणि ताकदीचं म्हणाल तर स्नायू-यकृतात ४००-५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, असतंच. आपल्या ४० मिनिटांना पुरून उरतं.

ए-६०३: मग मॅरेथॉनवाले पितात ते?

डी-२०३: ते पळता पळता पितात. तेव्हा व्यायामात वाढणारं ॲड्रेनलिन इन्सुलिनला फार चढू देत नाही. आणि त्यांचा साठा खरंच संपत आलेला असतो.

बी-३०१: म्हणजे मी विष पाजत होते, म्हणा ना सरळ.

डी-२०३: नाही हो. बहुतेकांना काहीच होत नाही. १९७९ च्या एका प्रयोगात ७५ ग्रॅम ग्लुकोज घेतलेले लवकर थकले, नंतरच्या बऱ्याच प्रयोगांत तसं दिसलं नाही.

ए-७०१: मी इन्सुलिन घेतो. माझी साखर व्यायामात उतरते. माझा ग्लास बंद करू नका.

डी-२०३: आजोबा, तुमचं वेगळं. आधी मोजा, कमी असेल तर डॉक्टरांनी सांगितलेलं प्रमाण घ्यायलाच हवं.

ए-१०२: व्यायामाआधी साखर घेतली की

सेक्रेटरी: काका, वाचलं सगळ्यांनी. उद्यापासून साधं पाणी. डबा कपाटात राहील.

बी-३०१: डबा माझा आहे. सकाळी घेऊन जाते.

ए-७०१: ताई, माझ्यापुरतं ठेवा.

बी-३०१: तुमच्यासाठी ठेवते आजोबा. आणि ५०४, आईंची किती आली?

सी-५०४: आत्ता ९२, नॉर्मल. झोपल्या आहेत.