मदत हवी आहे: समुद्रतळाच्या कोअरचा डेटा, खोली नेमकी कुठली धरायची?

नमस्कार मंडळी,
रत्नागिरीहून लिहितोय. एम.एस्सी.चा प्रकल्प अरबी समुद्रातल्या मान्सूनवर आहे. २०१५ साली 'जॉयडेस रेझोल्यूशन' जहाजाने मोहीम ३५५ मध्ये लक्ष्मी खोऱ्यात जी भोकं घेतली, त्यातल्या यू१४५६ या ठिकाणच्या कोअरचा (नळीने काढलेल्या गाळाच्या लांब दंडगोलाचा) चुंबकीय ग्रहणक्षमतेचा, म्हणजे गाळ किती चुंबकला जातो त्याचा, डेटा उतरवून घेतलाय. आपल्या किनाऱ्यापासून सुमारे ४७५ किलोमीटर पश्चिमेला, साडेतीन हजार मीटरहून खोल पाण्यात. डेटा सगळ्यांना खुला आहे, कुणाच्या सहीसाठी खेटे नाहीत, हे मोठंच सुख.

अडतंय ते असं. तिथल्याच ए आणि सी भोकांचे आलेख एकावर एक ठेवले की तोच उंचवटा वेगवेगळ्या खोलीवर दिसतो. एकाच भोकातही एका कोअरचा तळ पुढच्या कोअरच्या माथ्याखाली जातो! सरांनी कोचीच्या कोअर-भांडारातून (जपानमधलं हो, केरळातलं नव्हे) मागवलेल्या नमुन्यांतल्या फोरामिनिफेरांची (कवचधारी सूक्ष्मजीवांची) मोजणी आता सगळ्यांसाठी टाकायची आहे. आमच्या तक्त्यात मात्र नुसती खोली आहे. कुठे टाकू आणि कशी?

प्रतिसाद १
तुमच्या आकड्यांत काही बिघडलेलं नाही. खालचा दाब सुटला की मऊ गाळ फुगतो, म्हणून साडेनऊ मीटरच्या नळीतून कधी त्याहून जास्त कोअर निघतो. खोलीच्या मोजपट्ट्या वेगवेगळ्या आहेत: सीएसएफ-ए ती लांबी तशीच धरते, सीएसएफ-बी दाबून बसवते. भोकाभोकांतला फरक वेगळा: खोली पाइपच्या लांबीवरून मोजतात आणि जहाज लाटांवर हलत असतं. ते जुळवायला सीसीएसएफ, म्हणजे सगळ्या भोकांची मिळून एकच मोजपट्टी.
म्हणजे खोली उद्या बदलू शकते. तक्त्यात आधी नमुन्याचं पूर्ण नाव हवं: ३५५-यू१४५६ए-३एच-२डब्ल्यू, ५०–५२ सेंमी (मोहीम, ठिकाण व भोक, कोअर, त्याचा तुकडा म्हणजे सेक्शन, आणि सेक्शनमधली जागा). खोली शेजारच्या रकान्यात, मोजपट्टीच्या नावासकट. नाव जुन्या लेबलांवरून आत्ताच भरून घ्या, पिशव्या फेकल्या की संपलं.

प्रतिसाद २
कुठे टाकायचं म्हणाल तर पँजिया किंवा झेनोडो, दोन्ही खुल्या डेटाची ऑनलाइन भांडारं. दोन्हीकडे डीओआय (डेटाचा कायमचा ओळख क्रमांक) मिळतो. पँजियावाले तक्ता तपासतात, त्यामुळे वेळ लागतो. प्रकल्प जमा करायची घाई असेल तर झेनोडो.
आणि कोअर-सेक्शन '३-२' असं लिहू नका हो. स्प्रेडशीट त्याची तारीख करते आणि सेव्ह केलं की मूळ आकडा गेला. वेगवेगळे रकाने करा, फाइल साध्या सीएसव्हीत ठेवा.

धागाकर्ता
पिशव्या आहेत अजून, फ्रीजमध्ये. पण काहींवर फक्त 'ए-३-२' आहे, सेंटिमीटर पुसलेत. ते नमुने वगळायचे का?

प्रतिसाद १
थांबा. नमुने पाठवताना कोचीने यादी दिलेली असणार, त्यात सेंटिमीटर असतात. सरांच्या मेलमध्ये शोधा.