रिमोटवर चालणारा यूव्ही दिवा दार उघडताच बंद व्हावा, यासाठी जोडणी कशी करावी?

नमस्कार. माझ्या पत्नीचा दातांचा दवाखाना आहे आणि तिथल्या यंत्रांची देखभाल मी पाहतो. १२ बाय १२ फुटांच्या उपचारकक्षासाठी आम्ही जंतू मारण्यासाठी चाकांवर फिरणारा यूव्ही-सी (अतिनील किरणांच्या) दिव्यांचा खांब घेतला आहे. त्याला २५४ नॅनोमीटरच्या सहा उभ्या नळ्या असून, बाहेरून रिमोट दाबल्यावर अर्ध्या मिनिटाने त्या पेटतात आणि १५ मिनिटांनी विझतात. डीआरडीओने २०२० साली जाहीर केलेल्या ‘यूव्ही ब्लास्टर’ या अशाच यंत्रात खोलीचे दार चुकून उघडले तरी दिवे विझण्याची सोय होती, आमच्या खांबावर मात्र हालचाल टिपणारा एकच सेन्सर आहे, तोही एका बाजूला.

गेल्या आठवड्यात खांब ठेवताना सेन्सर खिडकीकडे वळलेला राहिला आणि आमच्या मदतनीस ताई ट्रे उचलायला आत गेल्या. निळसर उजेड लक्षात येईपर्यंत मिनिटभर गेले असेल. तेव्हा त्यांना काहीच जाणवले नाही, पण रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागले आणि पाणी थांबेना. सुदैवाने दोन दिवसांत त्यांना आराम पडला. विक्रेत्याने दारावर सूचनेची पाटी लावण्याचा सल्ला दिला. पाटी त्या दिवशीही होती.

दाराच्या चौकटीवर चुंबकीय स्विच बसवून, दार उघडताच रिलेमार्फत (विजेने चालणाऱ्या स्विचमार्फत) खांबाचा वीजपुरवठा तोडावा, असा माझा विचार आहे. दार पुन्हा लागल्यावर दिवे आपोआप पेटता कामा नयेत, बाहेरची किल्ली फिरवल्यावरच पेटावेत. अशी जोडणी कोणी केली आहे का, आणि मध्येच वीज तुटल्याने इलेक्ट्रॉनिक चोक लवकर जातो का?

दुसरी अडचण सावलीची आहे. हे किरण समोर दिसेल त्यावरच पडतात आणि अंतर दुप्पट झाले की तीव्रता साधारण चौथाईवर येते, त्यामुळे खुर्चीची खालची बाजू आणि थुंकपात्रामागचा कोपरा तसाच राहतो. (हाताने पुसणे आम्ही सोडलेले नाही.) खांब दोन जागी ठेवून दोनदा चालवल्यास खुर्चीचे रेक्झिन आणखी लवकर पिवळे पडेल, ही पत्नीची तक्रार रास्त आहे. किरणांची मात्रा दाखवणारी, रंग बदलणारी कार्डे कोणी अशा कोपऱ्यांत लावून पाहिली असल्यास, त्यावरून वेळ कसा ठरवला तेही कृपया सांगावे.