मदत हवी आहे: कॅसेटचा मूळ वेग कसा ठरवावा?

पॉप गायिका नाझिया हसनच्या 'डिस्को दीवाने' (1981) या अल्बमची कॅसेट डिजिटल करायची आहे. गाणी अर्धा सूर चढी वाजतात, म्हणजे वेग साधारण 6 टक्के जास्त. तिने गायलेल्या 'आप जैसा कोई'चा सिनेमा 'कुर्बानी' आला तेव्हा ती 15 वर्षांची होती. आवाज आधीच कोवळा, त्यात हे, म्हणजे पार बालगीत.

हेड साफ केलं, टेप ओढणारा पिंच रोलर बदलला, दुसऱ्या डेकवरही वाजवून पाहिलं. फरक शून्य. बाकीच्या कॅसेट नीट वाजतात, तेव्हा टेपच मंद वेगाने भरलेली असावी. ताडून बघायला एलपी (तबकडी) हाताशी नाही. ताल तसाच ठेवून फक्त सूर उतरवायचा नाही. दोन्ही एकत्र बदलायचे आहेत.

शांत जागी 53 हर्ट्झची गुणगुण दिसते. डेकची स्वतःची, विजेच्या 50 हर्ट्झ पुरवठ्याची, 50 वर वेगळी आहे. ही 53 ची मूळ मास्टरमधली (पहिल्या ध्वनिमुद्रणातली) विजेचीच गुणगुण समजून 50 वर आणली, तर तो वेग खात्रीचा धरावा का?