कानपट्टी विणलीत का? तुमचा अनुभव लिहा

धुळ्याहून
आपल्याकडची थंडी फक्त सकाळ-रात्रीची. डिसेंबरात पहाटे ८-१० अंश आणि दुपारी २८-३०. माकडटोपीत दहा वाजताच घाम फुटतो, स्कार्फने अंबाडा मोडतो. म्हणून मी रुंद कानपट्टी विणली, म्हणजे डोक्याभोवती कान झाकणारी पट्टी. ऊन चढलं की काढून पर्समध्ये टाकते.

४ मिमीच्या सुया (जुन्या हिशोबाने ८ नंबर), २२ टाके, सगळ्या ओळी सुलट. दर ओळीचा पहिला टाका न विणता नुसता उचलून घेतला की कड सरळ येते. डोकं ५५ सेंमी असेल तर पट्टी ४८ पुरे. ही वीण लांबीत चांगली ताणते. डोक्याच्या मापाची केली तर आठ दिवसांत कानांखाली लोंबते. माझी पहिली लोंबलीच.

तुम्ही कशी केलीत? चुकलेलंही लिहा.

जळगावहून
मी एक ओळ सुलट, एक उलट अशी केली. दिसायला गुळगुळीत, पण दोन्ही कडा सुरळीच्या वडीसारख्या आत वळल्या. मग इस्त्री फिरवली! लोकर अ‍ॅक्रिलिकची होती, सगळी चापट आणि लुळी पडली. दोन संध्याकाळींचं काम. फार वाईट वाटलं हो. आता सगळं सुलटच विणतेय.

यावल तालुक्यातून
आमच्याकडे केळी आहे. शेतीची वीज रात्रीची, त्यामुळे पाणी भरायला यांना मध्यरात्री निघावं लागतं. उपरण्याने कान बांधले की मोटरचा आवाज कळत नाही म्हणायचे. त्यांना तपकिरी पट्टी करून दिली, एकेरीच. आवाजही येतो आणि वाराही लागत नाही. पट्टी पाहून सासूबाई म्हणाल्या, ‘माले बी एक करी दे व माय.’ त्यांचीही झाली.

भुसावळहून
पुढे पीळ हवा असेल तर वेगळी वीण शिकायला नको. साधी पट्टी पूर्ण करा. दोन्ही टोकं रुंदीत अर्धी दुमडा. एका टोकाच्या दुमडीत दुसऱ्या टोकाचा अर्धा भाग सरकवा, दोन हातांची बोटं एकमेकांत अडकवतो तसा. चार पदर जमतील. बोथट सुईने चारही पदर एकत्र शिवा आणि पट्टी उलटवा. शिवण आत जाते, कपाळावर सुंदर गाठ बसते. माझी सून कॉलेजात शिकवते, ती साडीवरही घालते. पदर मात्र चारही सुईत आले पाहिजेत. माझा एक सुटला होता, तिथून उसवत गेली.

नंदुरबारहून
मी नवी लोकर आणलीच नाही. आईचा जुना मरून स्वेटर होता, कोपरं विरलेली. उसवला. धागा नुसता कुरळा कुरळा! खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी केली, कोमट पाण्यात भिजवली, पिळली नाही, दोरीला टांगून खाली पाण्याचा गडू अडकवला. दुसऱ्या दिवशी धागा सरळ. तीन पट्ट्या निघाल्या, तिघी बहिणींना तीन. सारंगखेड्याच्या यात्रेला पहाटे निघालो तेव्हा तिघींनी घातल्या होत्या. गाडीत कोणी फारसं बोललं नाही. धाकटी सारखा कानाशी हात नेत होती.

चोपड्याहून
ताई, सात वर्षांच्या मुलीसाठी किती टाके? लोकर टोचते म्हणते.

धुळ्याहून
१६ टाके घाला, लांबी ४४-४५ सेंमी, पण आधी टेपने डोकं मोजा. आणि टोचत असेल तर आतून जुन्या सुती बनियनची पट्टी सैल टाक्यांनी लावा. कापड उभं-आडवं ओढून बघा, जास्त ताणतं ती बाजू लांबीला घ्या, नाहीतर पट्टी ताणणारच नाही.